पोटॅशियम वाढले म्हणून भाज्या बंद कराव्यात का?

प्रश्न : माझ्या वडिलांना मूत्रपिंडाचा जुना विकार असून मागच्या तपासणीत रक्तातील पोटॅशियम 5.6 आले. डॉक्टरांनी ते आटोक्यात ठेवायला सांगितल्यापासून आईने त्यांच्या जवळजवळ सर्व भाज्या बंद केल्या आहेत. बटाटा तेवढा रात्रभर पाण्यात भिजवून, मग ते पाणी फेकून देऊन शिजवते. हे बरोबर आहे का?

उत्तर : रक्तातील पोटॅशियम साधारणतः 3.5 ते 5.0 या दरम्यान असते, त्यामुळे 5.6 कडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मात्र त्याचे सारे खापर भाज्यांवर फोडणेही योग्य नाही. रक्तदाबाची काही औषधे, अनियंत्रित मधुमेह आणि बद्धकोष्ठता यांमुळेही पोटॅशियम वाढते. भाज्यांतील तंतू बंद झाले की बद्धकोष्ठता बळावते, म्हणजे सरसकट बंदी उलटण्याचीच शक्यता अधिक. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत.

आता बटाट्याविषयी. पोटॅशियम भाजीच्या पेशींच्या आत असते आणि त्या पेशी उष्णतेने फुटल्याखेरीज ते फारसे बाहेर पडत नाही, म्हणून नुसत्या भिजवण्याने हाती थोडेच लागते. साल काढून बटाट्याच्या लहान फोडी कराव्यात, भरपूर पाण्यात त्या उकळाव्यात आणि ते पाणी ओतून द्यावे. एवढ्याने पोटॅशियम सुमारे निम्म्यावर येते. एक उकळी आल्यावर पाणी बदलून पुन्हा शिजवल्यास अधिक चांगले. वाफवताना किंवा कमी पाण्यात कुकरला लावताना हा लाभ मिळत नाही. ओतायचे पाणी जीवनसत्त्वांच्या मोहाने रश्शात किंवा सुपात घातले, तर सगळी खटपट वाया जाते.

प्रत्येक भाजीला एवढा सोपस्कार लागत नाही. 100 ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे 550 मिलिग्रॅम, बटाट्यात 420, तर कोबीत 170 आणि काकडीत 150 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. कोबी, काकडी, ढोबळी मिरची बेताने खाता येतात. परंतु आकड्यापेक्षा प्रमाण महत्त्वाचे : पालक शिजून इतका आळतो की लहानशा वाटीत मोठी जुडी सहज मावते, आणि कोबीसुद्धा तिप्पट खाल्ला तर तो कमी पोटॅशियमचा राहत नाही. ताजा टोमॅटो एखादी फोड चालेल. टोमॅटोची आटवलेली पेस्ट टाळावी.

भाज्यांच्या काळजीत एक गोष्ट हमखास निसटते : कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ. त्यातील बराच भाग बहुधा पोटॅशियम क्लोराइडचा असतो, तेव्हा ते वडिलांच्या जेवणात अजिबात नको.

दिवसाला नेमके किती पोटॅशियम चालेल, हे त्यांचे अहवाल पाहून मूत्रपिंडतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. मधल्या काळात स्नायूंत एकाएकी अशक्तपणा जाणवला किंवा हृदयाचे ठोके अनियमित वाटले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्यांना तातडीने रुग्णालयात न्यावे.