हाफ मॅरेथॉनचा हंगाम १२ आठवड्यांवर आहे. रात्रीचं जेवण बंद करून सहा किलो वजन उतरवू का?

तुमचं वजन ७० किलो, आठवड्यातून पाच दिवस धावणं आणि पहिल्या शर्यतीला १२ आठवडे, एवढं तुम्ही सांगितलंय. त्यावरून सांगतो: रात्रीचं जेवण बंद करू नका, आणि सहा किलोंचा हट्ट या हंगामापुरता सोडून द्या. अडीच-तीन किलो नीट उतरतील. मी बरीच वर्षं धावतोय आणि नव्यांच्या तयारीत मदत करतो. हंगामाच्या तोंडावर उपाशी राहून धावणारी मंडळी पाहिली की मला खरंच काळजी वाटते.

एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. शर्यतीआधीचे चार आठवडे वजनासाठी वापरायचेच नाहीत, कारण तेव्हा सराव सगळ्यात कडक असतो आणि शेवटी शरीराला सावरायचंही असतं. उरले आठ. आठ आठवड्यांत सहा किलो म्हणजे रोज ८०० कॅलरींहून जास्त तूट, म्हणजे खर्चापेक्षा तेवढं कमी खाणं. एवढी तूट आणि कडक सराव एकत्र झेपत नाही. स्नायू झिजतात, झोप बिघडते, पाय जड पडतात.

आता हे नीट बघा. तुमच्या ७० किलोंपैकी १४ किलो चरबी धरली, तर बाकीचं शरीर ५६ किलोंचं. १० किलोमीटर धावण्यात साधारण ७०० कॅलरी जातात (दर किलोला, दर किलोमीटरला जवळपास एक). त्या दिवशी तुम्ही २,२०० कॅलरी खाल्ल्या तर शरीराच्या बाकी कामांना १,५०० उरल्या, म्हणजे ५६ किलोंना दर किलोमागे २७ सुद्धा नाहीत. हा आकडा बराच काळ ३० च्या खाली राहिला की धोका वाढतो. ही रेघ प्रत्येकाला तंतोतंत लागू होत नाही, पण २,२०० हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो आणि तरी कमी पडतो, हे लक्षात ठेवा. त्यातून रात्रीचं जेवण वगळलं तर काय होईल?

म्हणून तूट दिवस बघून करा. लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं) आणि इंटरव्हल (आलटून पालटून जोरात आणि हळू धावणं) यांच्या दिवशी पोटभर खा, अजिबात कपात नको. बाकीच्या पाच दिवशी ५०० च्या आसपास कमी करा. आठवड्याला २,५०० झाले, आठ आठवड्यांत २०,०००, म्हणजे अडीच किलोंच्या थोडं वर. कपात गोड पेयं, तळलेलं आणि अधूनमधून तोंडात टाकलं जाणारं यांतून करा. धावण्याआधीचं आणि नंतरचं खाणं मात्र सोडू नका. प्रथिनं रोज ११० ते १४० ग्रॅम, सगळ्या जेवणांत विभागून. वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर बघा आणि आठवड्याची सरासरी धरा. रोजच्या चढउतारात पाणीच जास्त असतं. घाम काढून किंवा पाणी कमी पिऊन काटा खाली आणायच्या भानगडीत पडू नका.

कमी खाऊन जास्त सराव केल्याने होणाऱ्या त्रासाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ हे नाव दिलं. तो पुरुषांनाही होतो. बायकांमध्ये पाळी लांबणं किंवा थांबणं ही सगळ्यात स्पष्ट खूण. तिला ‘सरावामुळे होतंच’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. हाडंही कमजोर होतात. नडगीवरून अंगठा दाबत खाली या. दुखणं लांबवर पसरलेलं असेल तर बहुधा ताणाचं, पण बोटाएवढ्या एकाच जागी कळ उठत असेल आणि धावताना वाढत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि तपासून घ्या. वारंवार सर्दी, सतत चिडचिड, आराम करूनही न जाणारा थकवा दिसला, तर कपात बंद. आधी कधी खाण्याच्या विकाराचा त्रास झाला असेल, तर हा प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करूच नका.

शेवटच्या दोन-तीन दिवसांत कर्बोदकं वाढवाल तेव्हा काट्यावर किलोभर वजन वाढलेलं दिसेल. स्नायूंत ग्लायकोजन (कर्बोदकांचा साठा) जमतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. ते वजन शर्यतीला लागणारच आहे. ते बघून जेवण कमी करू नका.