हायड्रेंजिया मान टाकतोय? पाण्याआधी मातीत बोट घाला

ताई, कुंडीतला हायड्रेंजिया (मोठ्या झुबक्यांनी फुलणारं झुडूप) रोज दुपारी मान टाकतो म्हणून तुम्ही दिवसातून तीनदा पाणी घालताय, आणि वाढदिवसाला आलेला याच फुलांचा गुच्छ दुसऱ्याच सकाळी लोंबला. लक्षण एकच, पण उपाय उलटे.

आधी कुंडीचं पाणी थांबवा. आपल्या उन्हात त्या रुंद पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना वर ओढता येत नाही, म्हणून माती ओली असूनही दुपारी दोनला झाड लोळतं. ऊन उतरल्यावर पानं उभी राहिली तर बिघडलं काही नाही, फक्त सावली वाढवा. सकाळीही तशीच पडलेली असतील तर दोन पेरं बोट मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान. ओलं लागलं तर मुळं कुजतायत.

माझी पहिली कुंडी मी अशीच मारली. शेवटी उपडी केली तर तळाशी काळा चिखल, नालीसारखा वास, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून मधला दोराच हातात यायचा. तेव्हापासून कुंडीत काळी माती नाही. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा, जाडी रेती. जागा पूर्वेची, दहानंतर हिरवी नेट. संत्र्याला ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, आपण बहर आणतो. याला ताण चालत नाही. आणि निळं म्हणून आणलेलं झाड पुढे गुलाबी फुललं तर नर्सरीवाल्यावर चिडू नका. निळ्या रंगाला मातीतलं ॲल्युमिनियम लागतं, ते आम्लधर्मी मातीतच सुटतं, आणि आपल्याकडची माती चुनखडीची, म्हणजे नेमकी उलट. खरं सांगायचं तर नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, हे थंड हवेचं झाड नुसतं जगलं तरी पुष्कळ.

गुच्छाचं वेगळं. फुलदाणीत पाणी आहे, पण वर चढत नाही; देठाच्या टोकाशी चीक धरतो, हवा अडकते. खालची पानं काढा, देठ धारदार सुरीने तिरपा कापा आणि खालचा इंचभर भाग अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धरा. फुलाला वाफ लागू देऊ नका. लगेच साध्या पाण्यात ठेवा. काही जण उकळत्या पाण्याऐवजी ताज्या कापावर तुरटीची पूड लावतात, तेही चालतं.

तरी उठलं नाही तर बादलीत गार पाणी घेऊन अख्खा झुबका उलटा बुडवा, पाऊण तास. या झुबक्यात ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर निदलं, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी पानं, आणि ती थेट पाणी पितात. गुलाबाला हे करायला जाऊ नका. नंतर हलकं झटका, रोज पाणी बदला, आणि फुलदाणी कूलरच्या झोतात नको. कडा तपकिरी, कागदासारख्या झाल्या असतील तर मात्र सोडून द्या.

कुंडीचा फोटो टाका, पण सकाळी सातचा. दुपारच्या फोटोवरून काही कळत नाही.