कुंडीतला जर्मन गहू आणि सुडोमोनासची पुडी

प्रश्न : सर नमस्कार. ऊसतोडीची टोळी उशिरा आली, ऊस डिसेंबरच्या शेवटी तुटला, मग गडबडीनं गहू पेरला तर तो गुडघ्याएवढा असतानाच निसवला, ओंब्या बारक्या. उलट पाव्हण्यानं जर्मनीतनं खिशात घालून आणलेला मूठभर गहू कुंडीत नुसता पाला काढतोय, ओंबीचा पत्ता नाही. दुकानदार म्हणतोय सुडोमोनास नावाच्या जिवाणूची पावडर सोडा, दोन्ही सुधारतील. खरं काय?
– एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : आधी कुंडीतलं बघू. तिकडचा गहू बहुतेक हिवाळी जातीचा असतो, थंडीआधी पेरतात आणि उन्हाळ्यात काढतात, त्याला काही आठवडे कडाक्याचा गारठा मिळाला नाही तर तो फुलोऱ्यावर येतच नाही. त्यात व्हीआरएन-२ नावाचा जीन फुलोऱ्याचा सिग्नल दाबून धरतो, गारठा लागला की व्हीआरएन-१ चालू होतो आणि त्या व्हीआरएन-२ ला गप्प करतो, मग पानात एफटी नावाचं प्रोटीन तयार होऊन शेंड्याकडं जातं आणि शेंडा पानं काढायचं सोडून ओंबी करायला घेतो. आता कोल्हापूरची थंडी म्हणजे सकाळी स्वेटर आणि दहाला पंखा, त्यावर त्याचं काय भागणार! आपल्या जातींत व्हीआरएन-१ मध्ये असा बदल झालाय की तो गारठ्याची वाटच बघत नाही. शिवाय १९६० च्या दशकात मेक्सिकोतनं सोनोरा-६४, लर्मा रोहो हे गव्हाचे वाण आले, ते हरितक्रांतीवाले शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉगनी वर्षात दोन ठिकाणी दोन पिकं घेऊन निवडलेले, त्यामुळं दिवस लहान का मोठा याची त्यांना फिकीर नाही. (आणि परदेशी बी असं खिशातनं आणू नका हो, क्वारंटाइनचा नियम आहे, सोबत रोग येतात.)

तुमच्या रानातल्या गव्हाचा प्रॉब्लेम वेगळा. ऊन वाढलं की गहू सगळ्या अवस्था घाईनं उरकतो, फुटवे कमी, ओंबी बारकी, आणि दाणा भरायच्या वेळी मार्चचं ऊन लागून चिमतो. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरायचा, उशीर झाला तर १५ डिसेंबरपर्यंत, तेही निफाडची एनआयएडब्ल्यू-३४ सारखी उशिराची जात घेऊन. १५ नोव्हेंबरनंतर उशिराच्या प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल जातात. मला विचाराल तर डिसेंबर संपताना ऊस तुटला की गव्हाच्या नादाला लागूच नये, खोडवा ठेवावा, म्हणजे त्याच बुडख्यांची फूट पुन्हा वाढवावी.

राहिला सुडोमोनास. तो चांगलाच आहे पण त्याचं काम मुळापाशी. मुळावर वस्ती करून जागा अडवतो, तिथलं लोह ओढून घेतो, बुरशीला मारणारी रसायनं सोडतो आणि झाडाचीही प्रतिकारशक्ती थोडी जागी करतो. म्हणजे मूळकूज वगैरेला उपयोग. ओंबी लवकर-उशिरा आणणं त्याच्या हातात नाही, आणि वाऱ्यावरनं येणाऱ्या तांबेरा या बुरशीच्या रोगालाही त्याच्या भरवशावर बसू नका, तिथं जातच भक्कम पाहिजे. आपल्याकडची खिरीची खपली गव्हाची जात बघा, तांबेऱ्याला सहसा दाद देत नाही.

वापरायचाच तर बियाण्याला लावा, किलोला १० ग्रॅम. थायरम हे बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, सुडोमोनास शेवटी, गुळाच्या गार पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पाकिटावरची तारीख बघून घ्या, दुकानाच्या दारात उन्हात ठेवलेली पाकिटं फुकट दिली तरी नकोत.