जुन्या कार्ट्रिजची घडण खरंच नव्यापेक्षा चांगली असते का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या टर्नटेबलवर शुअर या अमेरिकन कंपनीचं सत्तरच्या दशकातलं कार्ट्रिज (हाताच्या टोकाला असलेली, सुई धरणारी डबी) आहे, ते ठेवावं की नवं घ्यावं, आणि ‘जुन्या मालाची सर नव्याला नाही’ हे इथं लागू पडतं का?

पडतं, पण अर्धंच. जुन्या कार्ट्रिजमधला धातू अजून ठणठणीत असतो, रबर मात्र संपलेलं असतं. म्हणून कार्ट्रिज ठेवा, सुई नवी घाला.

शुअरची ही कार्ट्रिजं मूव्हिंग मॅग्नेट जातीची, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलतो. कॉईल डबीत आणि इवलासा चुंबक सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला. सुई पुढून ओढली की दांडी-चुंबकासकट निघून येते. मागं उरते केसाहून बारीक तांब्याची तार, तिचा धातूचा गाभा आणि चार पिना. पन्नास वर्षांत यातलं सहसा काही बिघडत नाही.

दांडीच्या बाबतीत तर जुनी मंडळी पुढंच होती. शुअरच्या व्ही-१५ टाइप फाइव्हला बेरिलियमची पोकळ नळी होती. बेरिलियम ॲल्युमिनियमपेक्षा हलकं आणि ताठपणात त्याच्या चौपट. दांडी अशी असली की वरचे सूर स्वच्छ निघतात आणि सुई रेकॉर्डची खाच सोडत नाही. पण या धातूची धूळ फुफ्फुसाला घातक, त्यामुळं ते काम मागं पडलं. आज महागड्या कार्ट्रिजमध्ये बोरॉन असतं, तेही बहुधा भरीव काडीच्या रूपात. टेक्निक्सवाले बोरॉनच्या पोकळ नळ्या वापरायचे, तशा आता मिळत नाहीत. ही कारागिरी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता रबर. दांडी ज्यात तोललेली असते ती रबराची बारीक कडी, हाच सगळ्या कार्ट्रिजचा जीव. आपल्या कोल्हापुरात मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय उकाडा असतो आणि जुलैत हवा किती ओली असते, हे तुम्हाला सांगायला नको. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं पडलेलं रबर एकतर कडक होतं, नाहीतर डिंकासारखं ढिलं पडतं. कडक झालं तर गाण्यातला ‘स’चा उच्चार फुटतो आणि तबल्याच्या जोरकस थापेला सुई उडते. ढिलं पडलं असेल तर सुई रेकॉर्डवर टेकवून डोळे रेकॉर्डच्या पातळीला आणून बाजूनं बघा: दांडी वर दबलेली आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला जवळजवळ घासत चाललेलं दिसेल.

इथंच बरेच जण फसतात. शुअरनं २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदा बंद केला, त्यामुळं ‘ओरिजिनल, पॅकबंद’ सुया चढ्या भावानं विकल्या जातात. पॅकबंद असली तरी रबर त्याच काळातलं. डबीतसुद्धा ते म्हातारं होतच असतं. त्यापेक्षा जपानच्या जिको कंपनीची आज बनलेली सुई घ्या. शिवणाच्या सुया करता करता ही कंपनी या धंद्यात आली. अगदी स्वस्त नकला टाळा, त्यांच्या दांड्या समोरून बघितल्या तर तिरक्या बसवलेल्या सापडतात.

सुईच्या टोकाला असलेल्या हिऱ्याच्या बाबतीत मात्र नवा काळ सरस आहे. शिबाटा घडणीचा बारीक हिरा जपानात सत्तरच्या दशकात चार चॅनेलच्या रेकॉर्डसाठी निघाला, तेव्हा ती चैनीची गोष्ट होती. आज ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच डबीला साध्या गोल टोकापासून शिबाटापर्यंत कुठलीही सुई बसते. घरात केसरबाईंच्या वगैरे ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांच्यासाठीही वेगळी सुई आहे, सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्याआधी खरखरच ऐकू येते.

हिरा कसा बसवलाय ते स्वतः बघता येतं. गुजरीत सराफांकडं असतं तसं दहा पटीचं भिंग घ्या आणि सुई उन्हात धरा. पूर्ण खुंटी काचेसारखी पारदर्शक दिसली तर अख्खा हिरा. करड्या धातूच्या खुंटीवर फक्त टोक चमकत असेल तर चिकटवलेला. चिकटवलेला जड पडतो, म्हणून स्वस्त. नव्या मालातही कमी किमतीला हाच असतो, तेव्हा खोक्यावरचं नाव बघून भुलू नका.

डबी प्लास्टिकची की धातूची, याचा फार विचार करू नका. डेनॉनचं डीएल-१०३ साठच्या दशकात जपानी नभोवाणीसाठी तयार झालं, डबी साधी प्लास्टिकची, आणि आजही ते बनतं आणि लोक आवडीनं ऐकतात.

कुणाच्या घरी त्याहून जुना पेटीवजा रेकॉर्ड प्लेअर असेल आणि त्यात क्रिस्टल कार्ट्रिज असेल तर त्याची आशा सोडा. त्यातला रोशेल सॉल्टचा स्फटिक ओल शोषतो, आपल्याकडचे इतके पावसाळे तो काढत नाही.

सुई मागवण्याआधी एक तपासणी करा. कार्ट्रिजच्या वायरी काढा, मल्टिमीटर ओहमवर लावा, पांढरी-निळी पिन म्हणजे डावा चॅनेल आणि लाल-हिरवी म्हणजे उजवा. दोन्हीकडं काहीशे ते दीड-एक हजार ओहम आणि जवळपास सारखेच आकडे आले तर कॉईल शाबूत आहे, खुशाल सुई मागवा. एखादा चॅनेल ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवत असेल तर त्यावर पैसे घालू नका, व्हीएम९५ई घ्या. मूव्हिंग कॉईल (म्हणजे चुंबकाऐवजी कॉईल हलते अशा) कार्ट्रिजवर मात्र हा मल्टिमीटर लावू नका, तिथली तार फार नाजूक असते.