अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा २००८ चा रिक्रूटिंग क्लास (त्या वर्षी भरती केलेले नवे खेळाडू) शेवटी कसा निघाला?

एका शब्दात सांगायचं तर, अफाट. प्रशिक्षक निक सेबनच्या पहिल्या सीझनमध्ये, २००७ साली, अलाबामा ७-६ वर (७ विजय, ६ पराभव) अडकली होती. पुढच्या फेब्रुवारीत शाळा संपवणाऱ्या ज्या पोरांनी सह्या केल्या, त्यांनी संघाचं रूपच पालटलं.

सगळ्यात गवगवा होता फोलीच्या ज्युलिओ जोन्सचा, आणि तो त्याला पुरून उरला. फ्लिंटहून आलेल्या मार्क इन्ग्रमचा तेव्हा तेवढा बोलबाला नव्हता. त्याने २००९ मध्ये अलाबामाला पहिली हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणून दिली. त्याच सीझनच्या फायनलमध्ये मार्सेल डॅरियसने टेक्ससचा पास मधेच पकडून थेट टचडाउन केला (चेंडू समोरच्या संघाच्या टोकापर्यंत नेला). केवढा धिप्पाड गडी, आणि काय पळाला!

२०११ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात, त्यात) डॅरियस तिसरा, जोन्स सहावा, इन्ग्रम अठ्ठाविसावा. पुढच्या वर्षी मार्क बॅरन आणि डाँटा हायटॉवरही पहिल्याच फेरीत. काही जण मधेच गळाले, तसं प्रत्येक क्लासमध्ये होतंच.

माझ्या मते खरा हिरा बॅरेट जोन्स: गार्ड, टॅकल, सेंटर (सगळ्या पुढच्या फळीतल्या, म्हणजे लाइनवरच्या जागा), दर वेळी वेगळी जागा आणि २००९, २०११, २०१२ अशी तीन विजेतेपदं. लाइनवरच्या खेळाडूंकडे कोणी बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.