पहिल्या कादंबरीसाठी फ्रीलान्स संपादक कसा शोधावा आणि त्याच्याबरोबर काम कसं करावं?

तुमचा खर्डा 90 हजार शब्दांचा झालाय, दोघा-तिघांना मधला भाग रेंगाळतो असं वाटलं, आणि प्रकाशकाकडे पाठवण्याआधी पैसे देऊन संपादन करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी मराठी कथा-कादंबऱ्यांचं संपादन करते, त्यामुळे या कामात रोज जे दिसतं ते सांगते.

आधी पुस्तक कुठे जाणार हे ठरवा. श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक मौज प्रकाशनात आणि ‘सत्यकथा’ मासिकात लेखकाच्या हस्तलिखितावर मनापासून काम करायचे, पुन्हा लिहून आणायला सांगायचे. ते काम संस्थेचं होतं, त्याचे पैसे लेखकाने द्यायचा प्रश्नच नव्हता. आजही काही प्रकाशनसंस्थांकडे चांगले संपादक आहेत. तिथे देणार असाल तर शुद्धलेखन, विरामचिन्हं यांवर स्वतःचे पैसे घालू नका, ते तिथे होईलच. तुम्हाला गरज आहे ती त्याआधीच्या वाचनाची. कुणीतरी अख्खी कादंबरी वाचून कथानक कुठे सुटतं, कोणतं पात्र अर्ध्यातच हरवतं, कोणतं प्रकरण नसलं तरी चालेल, हे पाच-सात पानांत लेखी सांगायला हवं. मधला भाग रेंगाळतो ही तक्रार वाक्यं घासूनपुसून सुटत नाही. तिथली दोन प्रकरणं उद्या काढावी लागली, तर त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घावर केलेला खर्च फुकट गेला. पुस्तक स्वतःच काढणार असाल तर मात्र हे वाचन, मग भाषेचं संपादन आणि शेवटी मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफं तपासणं, असं सगळंच करून घ्यावं लागेल.

शोधायचं कुठे? अलीकडच्या, तुम्हाला आवडलेल्या कादंबऱ्यांची श्रेयपानं आणि ऋणनिर्देश वाचा. लेखक तिथे संपादकाचे आभार मानतात. नाव नसेल तर प्रकाशकाच्या कार्यालयात फोन करून विचारा, बहुतेक जण सांगतात. दिवाळी अंकांचं संपादन करणाऱ्यांपैकी आणि अनुवादकांपैकी काही जण हे काम उत्तम करतात. नाव मिळालं की त्यांनी ज्यांच्यासाठी काम केलंय अशा एक-दोन लेखकांशी बोला. ‘कामावर खूश होतात का?’ एवढंच विचारू नका, ‘कशावरून वाद झाला आणि तो कसा मिटला?’ हेही विचारा. आणि संपादन, मुखपृष्ठ, छपाई, ‘पुरस्कारासाठी पाठवणं’ असं सगळं एका पॅकेजमध्ये देणाऱ्यांपासून लांब राहा. तिथे तुमची संहिता नेमकं कोण वाचणार, याचं सरळ उत्तर बहुधा मिळत नाही.

मग नमुन्यादाखल थोडं संपादन करून घ्या, आणि त्याचे पैसे द्या. दोन-अडीच हजार शब्द पुरेत. पहिलं प्रकरण मात्र देऊ नका, ते तुम्ही इतक्यांदा लिहिलेलं असतं की त्यात संपादकाचा कस लागत नाही. मधलं, संवाद असलेलं प्रकरण द्या. त्यात एखादं पात्र वऱ्हाडी बोलत असेल तर फारच छान. त्याच्या तोंडचं ‘व्हतं’ संपादकाने मुकाट्याने ‘होतं’ करून टाकलं, तर कादंबरी त्यांच्या हाती देऊ नका. उलट ‘हे पात्र आठव्या पानावर ‘व्हतं’ म्हणतं आणि बाराव्यावर ‘होतं’, हे मुद्दाम आहे का?’ असा प्रश्न आला, तर माणूस कान देऊन वाचतोय असं समजा.

चांगली टीप कशी असते, याचं एक उदाहरण देते. एका कादंबरीत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा प्रसंग होता. पोरांनी केलेला किल्ला, फटाके, भांडून घराबाहेर पडलेला भाऊ आणि अंगणात पसरलेलं पिठूर चांदणं. लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला, म्हणजे चंद्र नाहीच. मी चांदणं खोडलं नाही. समासात लिहिलं, ‘आज अमावास्या आहे. चांदणं हवं असेल तर प्रसंग कोजागिरीला नेता येईल, पण मग किल्ला आणि फटाके जातील. काय जास्त महत्त्वाचं?’ लेखिकेने किल्ला ठेवला. अंधारात भाऊ कुठल्या दिशेने गेला ते आईला दिसतच नाही, असं तिने लिहिलं, आणि पुढच्या तीन प्रकरणांतला शोध त्यामुळे खरा वाटायला लागला. हे मला सुचलं नव्हतं. संपादकाने बोट ठेवायचं, वाट लेखकाने काढायची.

म्हणून टिपांची फाइल आली की त्याच दिवशी उत्तर देऊ नका. पहिल्या वाचनात बऱ्याच टिपा टोचतात, चार-पाच दिवसांनी त्यातल्या निम्म्या पटतात. पटलेल्या घ्या, न पटलेल्या सोडा. पण सुचवलेला उपाय नको वाटला तरी ती जागा पुन्हा वाचा, तिथे काहीतरी अडलंय म्हणूनच टीप आली आहे. फाइल संपादकाकडे असताना तुमच्या प्रतीत बदल करत राहू नका, दोन प्रती जुळवण्यात दोघांचेही दिवस जातात. निवेदनात ‘केलं’ की ‘केले’, पात्रांची वयं, नाती, गावांची नावं, सणवार अशी एक यादी सुरुवातीलाच मिळून करा. ती शेवटी मुद्रितशोधकालाही द्या. आणि शेवटचं मुद्रितशोधन छपाईसाठी पानं लागल्यावरच करा. युनिकोडमधला मजकूर डीटीपीसाठी जुन्या फाँटमध्ये नेला की रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आधी तपासलेली प्रत तिथे उपयोगाची नाही.

व्यवहार ई-मेलवर लेखी असू द्या. दर शब्दावर, पानावर की ठोक, किती फेऱ्या, कधीपर्यंत, पैसे कोणत्या टप्प्याला किती आणि काम मध्येच थांबलं तर काय, हे सगळं त्यात यावं. संहिता एआयच्या कोणत्याही साधनात टाकायची नाही, असं वाटत असेल तर तेही लिहा. हक्कांची काळजी करू नका. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखकाचा असतो आणि तुम्ही लेखी दिल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. श्रेयपानावर नाव हवं का, तेही संपादकाला आधीच विचारा, काहींना ते नको असतं.

पहिल्या ई-मेलमध्ये सगळी कादंबरी जोडू नका. एका पानाचा सारांश शेवटासकट पाठवा, शब्दसंख्या सांगा, आणि मधला भाग रेंगाळतो असं वाचकांनी म्हटल्याचं स्पष्ट लिहा. त्यावर उलट प्रश्न विचारणाऱ्याला नमुना पाठवा.