‘नावच सिंपल, आणि तेच येत नाही’

नववीतला मुलगा. इंग्रजीच्या तासालाच पोट दुखतं म्हणून आई त्याला माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली होती. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. आई बाहेर गेल्यावर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “मॅडम, नावच सिंपल सेंटेन्स. तेच मला येत नाही, तर पुढचं काय येणार?”

वही मागून घेतली. ‘आय नो ही लाइज’ या चार शब्दांपुढे त्याने लिहिलं होतं सिंपल. लाल फुली. खाली ‘ओपनिंग द डोअर, शी केम इन’पुढे कॉम्प्लेक्स, म्हणजे एका वाक्यात दुसरं गुंफलेलं मिश्र वाक्य. पुन्हा फुली. छोटं ते सिंपल, स्वल्पविराम दिसला की कॉम्प्लेक्स, असा हिशेब. बऱ्याच मुलांचा असतोच, आणि मला विचाराल तर खोट त्या नावात आहे. मराठीत आपण ‘केवल वाक्य’ म्हणतो. त्यात सोप्या-अवघडाचा प्रश्नच येत नाही. विधान एक, मुख्य क्रियापद एक.

म्हटलं, “दुसरं वाक्य मराठीत सांग.”

“दार उघडून ती आत आली.”

“आता तेच उद्या घडेल असं सांग.”

“दार उघडून ती आत येईल.” थांबला. “उघडून तसंच राहिलं की!”

इंग्रजीतही तेच करून पाहिलं. ‘केम’चं ‘विल कम’ झालं, ‘ओपनिंग’ जागचं हललं नाही. काळ बदलला की जे रूप बदलतं, तेवढंच मोजायचं. मग तो आपणहून पहिल्या वाक्याकडे वळला. ‘आय न्यू ही लाइड.’ दोन्ही बदलली. “म्हणजे सरांची फुली बरोबर होती,” जरा नाराजीनेच म्हणाला. (‘अँड’लाही तो उगाच घाबरायचा. ‘माय ब्रदर अँड आय प्ले क्रिकेट’मध्ये कर्ते दोन असले तरी क्रियापद एकच, म्हणून ते सिंपलच.)

पोटदुखी काही त्या दिवशी थांबली नाही. वर्गात उभं करून विचारतील ही धास्ती वेगळी होती, तिच्यावर पुढे आणखी काही बैठका गेल्या.

पुढच्या वेळी मात्र आल्या आल्या त्याने कागद पुढे केला. ‘आफ्टर डिनर, माय लिटल सिस्टर, स्टिल इन हर स्कूल युनिफॉर्म, फेल अस्लीप ऑन द सोफा विथ अ बुक इन हर हँड.’

“एकवीस शब्द आहेत मॅडम. आणि बदलतंय फक्त ‘फेल’.”